महालक्ष्म्यांच्या गोळ्या

“त्यायला न्हाई इचारलं तुम्ही,” सुगंधाबाई म्हणाली, तेव्हा माझं पेन चिठ्ठीवर टेकलेलं होतं. ते तिथंच राहिलं. शाईचा ठिपका कागदात पसरत गेला आणि मी तो बघत बसले. मी अशी अडणारी बाई नाही. जालन्यात इतकी वर्षं दवाखाना चालवते, बाळंतपणं करते, नवऱ्यांना दटावते, सासवांना बाहेर बसवते. समोरच्या बाईचा प्रश्न पुरा व्हायच्या आधी माझं उत्तर तयार असतं. मी तिला विचारलं होतं ते तरी काय, तर गर्भाची पिशवी काढायची म्हणतेस ती कशासाठी, एवढंच. आणि ती दाराकडे बघून म्हणाली की त्यांना नाही विचारलं. ‘त्या’ म्हणजे तिच्या आधी येऊन गेलेल्या तिघी. एक बँकेतल्या साहेबांची बायको, एक शाळेतल्या बाई आणि एक बियाणेवाल्यांची सून. भाद्रपद लागला की माझ्याकडे अशा बायकांची रीघ लागते. घरात महालक्ष्म्या बसायच्या असतात, सोवळ्यात पुरण घालायचं असतं आणि पाळीची तारीख नेमकी तेव्हाच येऊन ठेपलेली असते. मग पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. माझी नर्स बेबीनंदा त्यांना महालक्ष्म्यांच्या गोळ्या असंच म्हणते. मी तारीख विचारते, ब्लडप्रेशर बघते, चिठ्ठी देते. कशासाठी म्हणून विचारायची वेळच येत नाही, कारण ते मला माहीत असतं. त्या दिवशी बाहेर पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून बेबीनंदाने सुगंधाबाईला आतल्या बाकड्यावर बसवलं होतं, आणि तिथं बसल्या बसल्या सुगंधाबाईने तिघींच्या हातातल्या चिठ्ठ्या नीट बघून घेतल्या होत्या.

तिला मी चांगली ओळखत होते. पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडच्या एका वस्तीवर तिचं घर. मागच्या पिढीपर्यंत मेंढरांमागे रानोरान फिरणारी माणसं. आता थोडी जमीन आहे, थोडी मेंढरं आहेत, आणि नवरा राधाकिसन दोन्हीकडे पळत असतो. तिची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची. दुसऱ्यानंतर मूल बंद करायचं ऑपरेशनही मीच केलं होतं. म्हणूनच ती एवढ्या लांबून यायची. तुमचा हात हलका हाय, असं तिने मला एकदा सांगितलं होतं आणि ते मला फार आवडलं होतं. वय तिशीच्या आतलं. तपासलं तर सगळं ठीकठाक, ना गाठ ना सूज. अशी धडधाकट पिशवी मी कापून काढणार नाही, हे मी तिला तिथल्या तिथे सांगून टाकलं. तिला त्याचं नवल वाटलं नाही. भोकरदनच्या वाटेवर नव्याने निघालेल्या एका दवाखान्यात तिची तारीख ठरलेली होती, महालक्ष्म्या उठल्याच्या दुसऱ्या दिवसाची. तिथला डॉक्टर काही विचारत नाही म्हणे. पण हात हलका नसेल म्हणून भीती वाटते, तेवढ्यासाठी ती माझ्याकडे आली होती.

कारण मग तिने सांगितलं, तेही मी दुसऱ्यांदा विचारल्यावर. तिच्या सासूकडे, आसराबाईकडे, रेणुकामातेची परडी, देवीच्या नावाने जोगवा मागायची टोपली, होती. ती सासूने थकल्यावर सुनेच्या हातात दिली. परडी घरात आली म्हणजे बाईने शुद्ध राहायचं. पाळी आली की तिने घर सोडून मेंढरांच्या वाड्याशेजारच्या खोपटात जाऊन राहायचं. लेकरं सासूच्या हातचं अर्धंमुर्धं खाऊन झोपायची. तेही तिने निभावलं असतं. पण मागच्या नवरात्रात घट बसलेले, गळ्यात माळ, हातात परडी, आणि तिला वेळेआधीच आली. पुढं लवकरच मुलगी कावीळ होऊन पडली. मुलगी वाचली. आसराबाई मात्र म्हणाली की हा परडीचा कोप. ती कावीळ दूषित पाण्याने झाली, देवीने नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. “तुम्ही म्हन्ता तर आसंल,” ती म्हणाली. “पर पानी तर समद्यायनंच पेलं व्हतं. पडली ती माझीच.” यावर माझ्याजवळ शास्त्रीय उत्तर होतं आणि मी ते दिलंही, पण देताना त्याची चव मलाच सपक लागली. मी म्हटलं, बरं, नवरात्रापुरत्या तुलाही गोळ्या देते. ती हसली. परडी काय नवरात्रापुरती असते का, बारा महिने घरात आहे, बारा महिने गोळ्या देता का, असं तिने विचारलं. ते मी देणार नव्हते. मग मी तिला पिशवी गेल्यावर काय काय होतं ते सगळं सांगितलं. अंगाची लाही होणं, हाडं झिजणं, कंबर धरणं, आणि पिशवीबरोबर शेजारची अंडाशयंही काढून टाकणारे लोक असतात तेही. तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं, आणि तिला समजलं. समजूनही ती तारखेला जाणार होती.

शेवटी मी माझं नेहमीचं वाक्य टाकलं. विटाळ वगैरे काही नसतं, अंगातलंच रक्त आहे, त्यात घाण काही नाही. हे वाक्य मी शेकडो बायकांना ऐकवलंय आणि ठणकावून ऐकवलंय. सुगंधाबाईने पदर नीट केला. “तुम्ही सोता घेता का न्हाई, त्या गोळ्या?” तिने विचारलं. बेबीनंदा कपाटाशी खुडबुड करत होती, ती थांबली. मी खोटं बोलत नाही. निदान त्या खुर्चीत बसून नाही. घेते, म्हटलं. “मंग औंदा बिगरगोळीच्या महालक्ष्म्या बसवा. कायी झालं न्हाई, तर मी पिशवी ठिवते.” तिने हे चिडून म्हटलं नव्हतं. तिला खरंच बघायचं होतं. आणि मी, जी आव्हान आलं की आधी पदर खोचते आणि मग विचार करते, तिला म्हटलं की बघायलाच कशाला, जेवणाच्या दिवशी सवाष्ण म्हणून जेवायला ये. ती बरं म्हणाली आणि गेली. माझ्याही पाळीची तारीख नेमकी त्याच दिवसांत होती, हे मला ती गेल्यावर आठवलं.

संध्याकाळी घरी आले तर सासूबाई ओट्याजवळ पाटावर बसून महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे चिंचेने घासत होत्या. गोजरबाई त्यांचं नाव. मी त्यांना आत्याबाई म्हणते. चिंचेचा आंबट वास, पितळेचा वास, ओल्या राखेचा वास. दरवर्षी हा वास आला की मी स्टीलच्या डब्यातली गोळ्यांची पट्टी बाहेर काढते, लग्न झाल्यापासून. कुणी घे म्हणून सांगितलं नव्हतं. थोरली सून मी, पुरण माझ्या हातचं, सोळा भाज्यांची मिसळ माझ्या हातची. गोळी घेतली की प्रश्नच मिटतो. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही आणि आजही वाटत नाही. पट्टी हातात घेऊन मी खिडकीशी उभी राहिले आणि स्वतःशी वाद घालू लागले. पाचसहा दिवसांची गोळी आणि कायमचा कापून टाकलेला अवयव, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिला मी नाही म्हटलं ते बरोबरच होतं आणि उद्या आली तरी नाहीच म्हणेन. इथं मी पक्की होते. खुपत होतं ते दुसरंच. घाटीत, सरकारी मेडिकल कॉलेजात, शिकत होते तेव्हा एक सर शनिवारी दुपारी आम्हाला वैद्यकातल्या नीतीवर बोलायचे. परीक्षेला ते येत नसे, म्हणून अर्धा वर्ग पेंगायचा. सर हळू आवाजात म्हणायचे, माणसाचं भलं करा, निदान वाईट तरी करू नका, विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नका, आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजा. बाकी पुस्तकात आहे. मी तेव्हा पहिल्या बाकावर बसून हे सगळं उतरवून घेतलं होतं आणि मला वाटलं होतं की ह्यात कठीण काय आहे. भलं मी करत आले. वाईट केलं नाही. विचारते तर मी नक्कीच. पण ते माप? बँकेतल्या साहेबांच्या बायकोचं कारण मला कळत होतं, कारण ते माझंच कारण होतं. सुगंधाबाईचं कारणही तेच होतं की. फक्त तिच्याकडे ते बारा महिने होतं.

पट्टी हातात चुरचुरत होती आणि मला केदारखेड्याचं माझं माहेरचं घर दिसत होतं. आई बाहेर बसली की गोठ्याच्या भिंतीला टेकून बसायची. मी लहान होते, रडायचे. मग आजी माझे कपडे काढून मला उघडीच आईकडे सोडायची, कारण उघड्या लेकराला विटाळ लागत नाही. थंडीच्या दिवसांत अंगावर काटा यायचा आणि मी पळत जाऊन आईच्या लुगड्यात शिरायचे. तिच्या अंगाला गवताचा आणि शेणाचा वास यायचा आणि ती मला इतकं घट्ट धरायची, जितकं एरवी कधी धरत नसे. तहान लागली तर तिने ओंजळ करायची आणि आजीने तांब्यातून वरून पाणी सोडायचं. पाण्याची ती लांब धार मला फार मजेशीर वाटायची. मी पण ओंजळ करायचे. मला आजही आठवतं ते दुःख म्हणून नाही, सुख म्हणून. त्या चार दिवसांत आई फक्त माझी असायची. पण आईला कसं वाटत होतं हे मी तिला एकदाही विचारलं नाही. ती गेली. मला एकदम तिची फार आठवण आली. मी पट्टी डब्यात ठेवली आणि डबा फळीवर सारला.

पुढचे काही दिवस मी अगदी खुशीत होते. खोटं कशाला सांगू, मला वाटत होतं की येणारच नाही. माझं वय चाळिशीच्या पुढचं, तारखा हल्ली मागंपुढं होऊ लागलेल्या. नाही आली तर काय सोपं होईल; सुगंधाबाईला दाखवीन, ही बघ, गोळी नाही, काही नाही. आवाहनाच्या दिवशी ज्येष्ठा-कनिष्ठा आल्या, तुळशीपासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं मी काढली, साड्या नेसवल्या. परतूरहून धाकटी जाऊ उषाबाई आली. आणि जेवणाच्या दिवशी पहाटे मी न्हाणीत गेले तर आलेली. मी दगडावर बसून राहिले. बंबातलं पाणी उकळत होतं. कुणाला काही कळणार नव्हतं. डाळ शिजत घालायची, कणीक तिंबायची, हात धुवायचे आणि कामाला लागायचं. मला त्यात कणभर पाप दिसत नव्हतं, आजही दिसत नाही. सुगंधाबाई आली की तिला जेवू घालून मग हळूच कानात सांगायचं, बघ, माझ्या हातचं जेवलीस, काय झालं? पैज जिंकली. पिशवी वाचली. एका बाईचं भलं झालं. मी उठलेसुद्धा. आणि उठता उठता थांबले. जेवणार कोण होतं? आत्याबाई जेवणार होत्या, ज्या आयुष्यभर हे मानत आल्या. घरचे जेवणार होते. सुगंधाबाई जेवणार होती, जिच्या मुलीला उद्या साधा ताप आला तरी तिला माझं पुरण आठवणार होतं. त्यांच्या पोटात जे जाणार ते त्यांना न सांगता घालायचं, कारण काय, तर मला माहीत आहे की ते चांगलं आहे. भूल देऊन, न विचारता, धडधाकट अवयव काढणारा डॉक्टर तरी याहून वेगळं काय म्हणत असेल? मला स्वतःचा राग आला आणि लगेच हसूही आलं. सर, म्हटलं मनातल्या मनात, तुम्ही पेंगणाऱ्या पोरांना हे न्हाणीघरात बसवून शिकवायला हवं होतं.

मी आत्याबाईंना सांगितलं. त्या देवघरात वात वळत होत्या. पाळी आली आहे, गोळी घेतलेली नाही, माझ्या मते स्वयंपाकाला काही हरकत नाही, पण जेवणार तुम्ही, तेव्हा तुम्ही सांगाल तसं. असं मी एका दमात बोलले. त्यांनी वात बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. “गोळी घ्यायची कामून ऱ्हायली?” मी म्हटलं, राहिली नाही, घेतली नाही. “मंग मला कामून सांगितलंस? न सांगता केलं असतंस, तर मला काय दिसत व्हतं?” तुम्ही खाणार, तुम्हाला माहीत पाहिजे, मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली, जणू हे त्यांना पटलं. “आता माहीत झालं. आता मी न्हाई करू द्यायची. बस बाहेर.” मला आतून सणसणीत चपराक बसली. मला वाटलं होतं, एवढं खरं बोलल्यावर त्या विरघळतील. मी डॉक्टर, मी थोरली, मी इतकी वर्षं त्यांच्या गुडघ्यांना तेल लावून देणारी. पण विचारलं मी होतं, आणि त्यांनी उत्तर दिलं होतं. विचारायचं म्हणजे ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवायची, हे मी पेशंटच्या नवऱ्यांना सांगत असते. मी बाहेर जाऊन बसले.

आमच्या बंगल्यात बाहेर म्हणजे सोफा, टीव्ही आणि फुलदाणी. गोठ्याची भिंत नाही की गवताचा वास नाही. तरी बसल्यावर पाठीला ती भिंत लागलीच. आत उषाबाईची धावपळ, पुरणयंत्राची घरघर, वेलदोड्याचा वास. आत्याबाईंचा दुखरा गुडघा घेऊन उठबस करतानाचा कण्हण्याचा आवाज. मला त्यांची कीव येत होती आणि रागही येत होता. भुजंगराव, माझे यजमान, पेपर घेऊन आले, मला बघितलं, काय ते समजले आणि हे तुमचं बायकांचं म्हणून गच्चीवर गेले. मी एकदाही रडले नाही. पण पैज हरल्याची जी कडू चव असते ती तोंडात होती, कारण ही नुसती पैज नव्हती. परवा सकाळी एका जिवंत बाईच्या पोटातून एक चांगला अवयव निघणार होता आणि तिला अडवायला माझ्याजवळ दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सुगंधाबाई दुपारी आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात रानातली कर्दळीची फुलं. राधाकिसन फाटकाशी थांबला. तिने सोफ्यावर एकटी बसलेली मी बघितली, आतला गलका ऐकला आणि तिला सगळं कळलं. न सांगता भागलं असतं, ती हलकेच म्हणाली. मी म्हटलं, तुला जेवायला बोलावून तुला न सांगता वाढायचं होतं का? मग मी तिला सरळ सांगितलं की काही होत नाही हे मला तुला दाखवायचं होतं, ते जमलं नाही. तुझी पिशवी मी काढणार नाही, ती काढणं चूक आहे, हे मात्र मी अजूनही तेवढ्याच जोराने म्हणते. पोट तुझं आहे. तिने मान डोलावली आणि ती आत गेली. पाय धुतल्याचा आवाज आला, ओटी भरल्याचा, पाट सरकवल्याचा. देवीपुढं तिचं ताट वाढलं गेलं. माझं ताट उषाबाईने लांबूनच जमिनीवर सरकवलं होतं, ते मी सोफ्यावरून उतरून पुढ्यात घेतलं.

आणि मग आतून उषाबाईचा अहो, अहो असा आवाज आला, आणि सुगंधाबाई आपलं भरलं ताट दोन्ही हातांनी धरून बाहेर आली. ती माझ्याशेजारी फरशीवर बसली. अगदी लागून, तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला. तिच्या लुगड्याला मेंढरांचा, धुराचा वास होता. तिने आपल्या ताटातली पुरणपोळी मोडली आणि अर्धी माझ्या ताटात ठेवली. मी घाबरले, माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. तुझ्या घरी परडी आहे, मी म्हटलं. “हाय की,” ती म्हणाली. “पर आज मी सवाष्ण हाय. आज मला कुनी ऊठ म्हन्त न्हाई.” आत्याबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात तुपाची वाटी. सवाष्ण म्हणजे त्या दिवशी प्रत्यक्ष देवीच, तिला पानावरून उठवता येत नाही. आणि आता ती मला शिवलेली होती. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला दिसत होतं आणि मला त्यांच्याबद्दल एकदम फार माया वाटली. त्या गुडघ्यावर हात देत पुढं आल्या. सुगंधाबाईच्या पोळीवर त्यांनी वरून तूप सोडलं, लांब धार. मग तीच धार न तोडता माझ्या ताटावर आणली. “उपाशी उठू नका,” एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. दोघींपैकी कुणाला म्हणाल्या ते मी विचारलं नाही.

आम्ही जेवायला लागलो. भात कालवता कालवता सुगंधाबाई म्हणाली की परवाची गाडी सांगितलीय, ती नको म्हणून राधाकिसनला सांगते. मला हवा होता तो निकाल हा नव्हता. मला हवं होतं की तिला पटावं, विटाळ नसतो. ते तिला पटलं होतं का, मला माहीत नाही. डोळ्यांत पाणी आलं ते मी येऊ दिलं, पण डॉक्टर आहे, विचारल्याशिवाय राहवेना. आणि परडी? नवरात्र महिन्यावर आलंय, आसराबाई काय म्हणतील?

तिने भाताचा घास केला. “तुम्ही सासूला सांगितलं, तसं मी बी सांगीन,” ती म्हणाली. “सासूला बी आन् देवीला बी. आली म्हनून. ऱ्हा म्हन्ली तर ऱ्हाईन. बाहेर बस म्हन्ली तर बसंन. तुम्ही बसल्याच ना, इतक्या शिकलेल्या.” मग माझ्या ताटाकडे बघून तिने जरा दटावलंच. “पुरन गार व्हऊन राह्यलं, बाई. खा जल्दी.”